सिसिलीतली फरशी आणि आमच्या शिवारातला पिंजरा

फरशी पाहायला कोणी समुद्रापार जाते का, असे माझ्या थोरल्या भावाने मी निघण्याच्या आदल्या रात्री अंगणात बसून विचारले होते, आणि त्याला पटेल असे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होते त्या कडेला आहे. शेती भाऊ पाहतो. मी तालुक्याच्या गावी मोझॅक टाइल्सचा एक लहानसा कारखाना चोवीस वर्षे चालवला आणि व्हिट्रिफाइड टाइल्स खेड्यापाड्यांत पोचल्यावर तो बंद केला. धाकटी मुलगी नोकरीनिमित्त इटलीच्या सिसिली बेटावरच्या कातानिया शहरात राहते. तिच्याकडे महिनाभर जायचे ठरले तेव्हा तिने मला रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा अशी नावे सांगितली. मी मात्र तिच्याच बेटावरच्या एका जुन्या वाड्याची फरशी पाहायची असल्याचे तिला कळवून टाकले.

त्या जागेचे नाव व्हिला रोमाना देल कासाले. सिसिलीच्या मध्यभागी पियाझ्झा आर्मेरिना नावाचे डोंगरावरचे गाव आहे, आणि त्यापासून तीन-चार किलोमीटर अंतरावर, झाडीने वेढलेल्या खोलगट जागेत हा वाडा आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात तो बांधला गेला. त्यातल्या मोझॅक फरशीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३,५०० चौरस मीटर भरते. आमच्या हिशेबाने सांगायचे तर एका एकराला पाच-साडेपाच गुंठे कमी, एवढ्या जागेत बोटाच्या नखाएवढे आणि कुठे त्याहूनही लहान दगडी तुकडे हाताने एकेक करून बसवलेले आहेत. १९९७ साली युनेस्कोने या जागेचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

मोझॅक हा शब्द आमच्याकडे ज्या फरशीला वापरतात ती खरे म्हणजे निराळीच वस्तू आहे. लोखंडी साच्यात आधी संगमरवराच्या चिप्स, पांढरे सिमेंट आणि रंगाची पूड यांचा पातळ थर ओतायचा, त्यावर सिमेंट आणि दगडाच्या चुरीचा कोरडा थर दाबायचा, साचा प्रेसखाली घालायचा, टाइल निघाली की काही दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायची, आणि बसवून झाल्यावर मशीनने घोटाई करून आतल्या चिप्स वर आणायच्या, अशी आमची रीत होती. चिप्स कुठे पडतील ते नशिबावर असे, आणि गिऱ्हाइकाला काळ्या चिप्सचा एखादा पुंजका डाग वाटला तर ती टाइल बदलून द्यावी लागे. कासालेच्या फरशीत नशिबावर काहीच सोडलेले नाही. तिथल्या कारागिराने प्रत्येक तुकडा ठरवून, हातोडीने फोडून, त्याच जागी बसवलेला आहे. गच्चीवर उन्हाळ्यात आपण फुटक्या कपबश्यांच्या रंगीत तुकड्यांचे चायना मोझॅक करतो, ते जातीने या फरशीला अधिक जवळचे आहे. फक्त तिथे तुकड्यांतून वाघीण उभी राहते.

फरशी किती टिकेल हे वरच्या थरावरून कळत नाही, तर खालच्या कोब्यावरून कळते, हे या धंद्यातला पोरगाही सांगेल. व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाने फरशीखालच्या थरांची कृती लिहून ठेवली आहे: तळाशी दगडांचे सोलिंग, त्यावर खडी आणि चुन्याचा धुमसलेला थर, त्यावर विटांचा चुरा आणि चुना यांचा बारीक थर, आणि मग तुकडे. विटांचा चुरा आणि चुना म्हणजे सुरखी. आमच्या भागातले मालगुजारांचे जुने वाडे आणि कित्येक देवळे याच सुरखीवर उभी आहेत, आणि सिमेंट येईपर्यंत तिला पर्याय नव्हता. कासालेच्या स्नानगृहांत तर फरशीखाली विटांचे बुटके खांब उभारून पोकळी ठेवलेली आहे, जिच्यातून भट्टीची ऊन हवा फिरत असे. खालून शेक आणि वरून पाणी असताना फरशी उकलू न देणे हे काय काम आहे, ते ज्याच्या बसवलेल्या टाइल्स एका उन्हाळ्यात पोकळ वाजू लागल्या आहेत त्यालाच कळेल. माझ्या वाजल्या आहेत.

हा वाडा कोणाचा, यावर विद्वानांचे एकमत नाही. १९५० च्या दशकात जिनो विनिचियो जेन्तिली यांनी इथे मोठे उत्खनन केले, आणि हा वाडा रोमन सम्राट डायोक्लिशियनचा सहसम्राट मॅक्सिमियन याचा असावा असे मत मांडले. मॅक्सिमियन स्वतःला हर्क्युलिस या पुराणातल्या बलाढ्य वीराच्या नावाने हर्क्युलियस म्हणवून घेत असे, आणि वाड्यातल्या मोठ्या भोजनदालनाच्या फरशीवर हर्क्युलिसच्या पराक्रमांची चित्रे आहेत, तेव्हा हा तर्क अगदीच हवेतला नव्हता. पुढे मात्र बऱ्याच अभ्यासकांना वाटू लागले की सिसिलीत अफाट शेती असलेल्या एखाद्या रोमन सरदाराचाही हा वाडा असू शकतो, कारण हे बेट रोमचे धान्याचे कोठार होते आणि अशा जमीनदारांकडे पैशाला तोटा नव्हता. मला दुसरे मत अधिक पटते. सम्राटाच्या कामावरच्या कारागिरांनी एवढी मोकळीक घेतली असती असे वाटत नाही; एका दालनात त्यांनी ग्रीक पुराणातल्या पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाला चक्क तीन डोळे दिले आहेत.

बाराव्या शतकात डोंगरावरून माती आली आणि वाडा गाडला गेला. त्या मातीनेच फरशी वाचवली. उघडी पडल्यावर तिचे हाल सुरू झाले, असे म्हटले तरी चालेल. फ्रँको मिनिस्सी या वास्तुविशारदाने तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचे छत उभारले. कल्पना सुंदर होती, पण सिसिलीच्या उन्हात आतली जागा हरितगृहासारखी तापू लागली. १९९१ च्या पुरात फरशीवर पुन्हा चिखल आला. अखेर ते छत काढून उजेड आणि उष्णता रोखणारे नवे छत घातले गेले, आणि २०१२ साली वाडा नव्या रूपात खुला झाला. आता पाहणारा माणूस भिंतींच्या उंचीवरून जाणाऱ्या अरुंद मार्गिकांवरून चालतो आणि खाली वाकून फरशी पाहतो. तिच्यावर पाय कोणालाच ठेवता येत नाही, याचे मला थोडे वाईट वाटले, कारण फरशीची खरी पारख तळपायाला होते.

या वाड्याची कीर्ती ज्या दोन चित्रांमुळे झाली त्यांपैकी एक म्हणजे व्यायाम करणाऱ्या दहा मुलींचे दालन. त्यांच्या अंगावरची दोन तोकडी वस्त्रे आजच्या बिकिनीसारखी दिसत असल्यामुळे सगळे पर्यटक तिथे गर्दी करतात. कोणी धावते आहे, कोणी हातात वजने घेतली आहेत, कोणी चेंडू खेळते आहे, आणि जिंकलेली मुलगी हातात ताडाची फांदी घेऊन उभी आहे. मी मुलींपेक्षा त्या दालनाच्या कोपऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिलो, कारण तिथे वरची फरशी निघून खालची जुनी, भूमितीच्या नक्षीची फरशी उघडी पडली आहे. म्हणजे मालकाने आधीची चांगली फरशी न काढता तिच्यावरच नवी घालून घेतली. दारे खालून घासावी लागतात, उंबरा बुडतो, तरी गिऱ्हाईक ऐकत नाही. सोळाशे वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही.

मी ज्याच्यासाठी गेलो होतो तो मात्र साठ मीटरांहून लांब असलेला एक व्हरांडा होता. त्याला मोठ्या शिकारीचा व्हरांडा म्हणतात. शिकार हे नाव काहीसे फसवे आहे, कारण तिथे मारण्यापेक्षा जिवंत धरणेच अधिक दाखवले आहे. रोममधल्या आणि इतर शहरांतल्या, रिंगणात जनावरांच्या झुंजी आणि शिकारी दाखवणाऱ्या खेळांसाठी सिंह, बिबटे, हत्ती, शहामृग, रानगवे लागत, आणि ते साम्राज्याच्या कडेच्या मुलखांतून जिवंत आणावे लागत. या व्हरांड्याच्या एका टोकाला आफ्रिकेतली जंगले आहेत, दुसऱ्या टोकाला पूर्वेकडचे देश आहेत, आणि मध्ये समुद्रावर जहाजे उभी आहेत. फळीवरून माणसे शहामृगाला दोन्ही हातांनी कवटाळून वर चढवत आहेत, हत्तीला दोरांनी ओढत आहेत, दलदलीतून गेंड्याला बाहेर काढत आहेत. एका बंडीवर पिंजऱ्यासारखी बंद लाकडी पेटी ठेवलेली आहे आणि ती बंडी बैल ओढत आहेत. (बंडी म्हणजे बैलगाडी, पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितले.)

या व्हरांड्यात एके ठिकाणी मी थबकलो. बिबट्याला धरण्यासाठी तिथे एक लाकडी पेटी मांडली आहे, तिच्यात आमिष म्हणून करडू आहे, आणि ढाली धरलेले शिपाई दबा धरून आहेत. मुलगी पुढे गेली होती. मी तिला हाक मारली आणि म्हणालो, "अगं, हा तर आपल्या बांधावरचा पिंजरा आहे."

गेल्या वर्षी आमच्या गावात एका बिबट्याने तीन आठवड्यांत अकरा शेळ्या नेल्या. त्यानंतर भावाच्या बांधीजवळ, नाल्याच्या काठावर एक लोखंडी पिंजरा आणून ठेवला गेला. त्याचे दोन भाग असतात: पुढच्या भागात बिबट्या शिरावा म्हणून वर उचललेले सरकते दार, आणि मागच्या भागात जाळीपलीकडे बांधलेली बकरी. पायाखालची फळी दाबली गेली की दार खाली पडते. बकरीला ओरखडाही येऊ नये अशी रचना असते, पण रात्रभर तिच्यावर जे गुदरते त्याची नोंद कुठेही होत नाही. पिंजरा लावायला आलेल्या माणसांना आमच्या शेजाऱ्याने पहिला प्रश्न विचारला होता, "बकरी कोनाची व्हय? मेली तं पैसे कोन देनार?" बिबट्या कसा, केवढा, नर की मादी, हे त्याने विचारले नाही. पाचव्या रात्री दार पडले. बिबट्याला नेले. बकरी परत आली, पण महिनाभर ती दूध देईना.

फरशीवरच्या करडाला अशी आडजाळी नाही. त्याचा मालक कोण होता, त्याला मोबदला मिळाला की नाही, हे फरशी सांगत नाही. पण हा प्रश्न त्या काळातही कोणाला तरी पडत होता, हे रोमन कायद्यांवरून दिसते. इसवी सन ४१७ मधल्या एका शाही आज्ञेत असे म्हटले आहे की सिरियातल्या हिएरापोलिस या शहरात रानटी जनावरांचे तांडे सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, कारण नेणारे अधिकारी तीन-तीन चार-चार महिने तिथे मुक्काम ठोकत, जनावरांच्या पोटाचा खर्च शहराच्या माथी मारत, आणि वर पिंजरेही शहराकडूनच मागत. ही आज्ञा वाचली की गाव डोळ्यांपुढे उभे राहते.

त्याच्या तीन वर्षे आधीची, ४१४ ची, सम्राट होनोरियसच्या काळातली दुसरी एक आज्ञा आहे. सिंह खेळांसाठी लागत म्हणून प्रजेला ते मारण्याची मोकळीक नव्हती. ती या आज्ञेने दिली गेली, आणि कारण असे सांगितले गेले की आमच्या करमणुकीपेक्षा प्रांतातल्या लोकांच्या जिवाची काळजी आधी. सिंहांची शिकार करून ते विकायला मात्र पूर्वीप्रमाणेच मनाई राहिली. हा मजकूर मी आमच्या भागातल्या माणसाच्या कानांनी वाचतो, हे मला मान्य आहे. वैशाखात मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाया परत येईपर्यंत ज्यांचा जीव टांगणीला असतो, त्यांना या आज्ञेतला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आमच्याकडे सिंह नाही, वाघ आहे. आमचा वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा आहे, आणि तो असावाच, असे मी ठामपणे म्हणतो, कारण तो नसता तर ताडोब्यात वाघ उरला नसता. आमच्या आजोबांनी साहेबांच्या शिकारीत हाकारे घातले होते. वाघ पडल्यावर फोटो साहेबाचा निघे आणि हाकाऱ्यांना चार-आठ आणे मिळत.

म्हणूनच या व्हरांड्यात मी मालकाला फार वेळ दिला नाही. दक्षिणेकडच्या भागात डोक्यावर टोपी, हातात काठी आणि दोन बाजूंना ढाली घेतलेले दोन जण असा एक भारदस्त पुरुष उभा आहे. हाच मॅक्सिमियन, असे काही जणांचे मत आहे. तो काहीच करत नाही. काम इतर सगळे करत आहेत, आणि ज्याने हे चित्र बसवले त्याचे लक्ष त्या कामावरच आहे: दोर कुठे ताणला जातो, ओझे खांद्यावर घेतलेल्या माणसाचा गुडघा कसा वाकतो, फळीवर पाऊल कसे पडते. एके ठिकाणी तर मुकादम एका मजुराला मारतो आहे. हे दृश्य फरशीत घालायला मालकाने सांगितले असेल की कारागिराने आपणहून घातले असेल? या फरशीची धाटणी आजच्या ट्युनिशियातल्या, कार्थेजच्या परिसरातल्या फरश्यांशी जुळते, म्हणून ती आफ्रिकेतून आलेल्या कारागिरांनी केली असे मानतात. ज्या बंदरावरून ही जनावरे जहाजात चढत, त्याच मुलखातली ती माणसे. जनावरे त्यांनी ऐकून काढली असतील, पण हमाल त्यांनी रोज पाहिलेले होते.

वाघीण व्हरांड्याच्या पूर्वेकडच्या देशांच्या भागात आहे. घोडेस्वार तिचे पिल्लू घेऊन जहाजाच्या फळीवर चढला आहे, आणि मागे तिच्यासाठी काचेचा गोळा टाकून गेला आहे. गोळ्यात वाघिणीला स्वतःचेच लहानसे प्रतिबिंब दिसते, ते तिला पिल्लू वाटते, आणि ती त्याच्यावर वाकून राहते. तेवढ्यात चोर निसटतो. क्लॉडियन या कवीने आणि मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ही गोष्ट लिहिली आहे. त्याआधीचा रोमन लेखक प्लिनी थोडी वेगळी सांगतो: स्वार एकेक पिल्लू मागे टाकतो आणि वाघीण ते तोंडात धरून गुहेत ठेवून पुन्हा धावत येते. प्लिनीची गोष्ट मला निदान शक्य वाटते. काचेच्या गोळ्याची गोष्ट मात्र वाघ न पाहिलेल्या माणसाची आहे, कारण पिल्लू ओळखायला वाघीण आधी नाक वापरते, हे आमच्या गावातला गुराखीही सांगेल. तरीही चित्र जिवंत आहे. मान खाली, अंगावरचे पट्टे तुकड्यांच्या ओळींनी वळणावळणाने नेलेले, आणि गोळ्याची गोलाई तर एवढ्याशा तुकड्यांत अशी साधली आहे की मी मार्गिकेच्या कठड्यावर वाकलो आणि रखवालदाराने मला हाताने मागे सरायला सांगितले.

व्हरांड्याच्या त्याच टोकाला अर्धगोल कोनाड्यात एक सावळी स्त्री हातात हस्तिदंत घेऊन बसली आहे. तिच्या एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ, आणि जवळच ज्वाळांतला फिनिक्स पक्षी. ही भारताची मूर्ती असावी असे बरेच जण म्हणतात. काही जण तिला इजिप्त किंवा आफ्रिका म्हणतात. वाघ शेजारी असल्यामुळे मी भारताच्या बाजूने मत देतो, पण ते देताना मी पक्षपाती आहे. ही फरशी घातली गेली त्या शतकात आमच्या रामटेकजवळ नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला, वाकाटक राज्य करत होते. त्यांच्या घरात पुढे प्रभावतीगुप्ता ही गुप्तांची लेक सून म्हणून आली, आणि तिची मातीची मुद्रा नगरधनच्या उत्खननात सापडली. फरशी नाही सापडली. आमच्याकडे बहुधा शेणाने सारवत असावेत, आणि सारवण दर आठवड्याला नवे होते.

त्या स्त्रीजवळच ग्रिफिन नावाचा पंखांचा काल्पनिक प्राणी एका खोक्यावर बसला आहे आणि खोक्यातून माणसाचे तोंड डोकावते आहे. इथे आमिष माणसाचेच आहे. मुलीला ते विनोदी वाटले. मला वाटले नाही.

परत आल्यावर मी माझ्याकडे वीस वर्षे फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. आता त्याचे गुडघे गेले आहेत. या कामात सगळ्यांचेच जातात. फोनमधले फोटो त्याला दाखवले. वाघीण त्याने पाहिली न पाहिल्यासारखी केली. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, सांधे पाहिले, शहामृगाला कवटाळून फळीवर चढणाऱ्या माणसावर बराच वेळ थांबला, आणि मग विचारले, "खाली कोबा कशाचा हाय, भाऊ?" मी सुरखी सांगितल्यावर त्याने मान हलवली. त्याचा बाप मालगुजाराच्या वाड्यावर बैलांनी फिरवायच्या घाणीवर चुना मळायला होता, हे त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. मग त्याने तो फोटो पुन्हा मोठा केला आणि त्या माणसाच्या पायाचा अंगठा किती तुकड्यांचा आहे ते मोजायला घेतले.